'अटक नाहीये, चौकशीला बसवलंय' : पोलिसांना जाब कसा विचारायचा

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रात्री दहाच्या सुमारास आमच्या बिल्डिंगमधल्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, पायात चप्पल नाही, हातात नुसता फोन. मुलाला दुपारी चार वाजता पोलीस ठाण्यात बोलावलं होतं, कुठल्यातरी मोबाईल चोरीबद्दल 'पाच मिनिटं येऊन जा' म्हणून, आणि तेव्हापासून त्याचा फोन बंद. आम्ही तिघं जण गेलो. पोरगा आतल्या खोलीत बाकड्यावर बसलेला दिसला, डावा कान लालबुंद, मान खाली. ठाणे अंमलदारांना विचारलं तर म्हणाले, अटक नाहीये हो, चौकशीला बसवलंय, साहेब राउंडवरून आले की सोडतील. तो इथे आहे याची नोंद कुठे केलीये का असं मी विचारलं तर त्याला उत्तर नाही, 'तुम्ही कोण लागता त्याचे' असा उलटा प्रश्न.

मी तिथे आवाज चढवणारच होतो पण वकील मित्राने फोनवर थांबवलं. भांडू नकोस म्हणाला, वेळ टाकून लिहायला लाग. मग ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभं राहून अकरा वाजून दहा मिनिटांनी वरिष्ठांच्या ऑफिसला मेल टाकला, ११२ ला फोन केला, आणि वहीच्या पानावर अर्ज लिहून आत दिला. अर्जाची पोहोच दिली नाही, पण अर्ज दोघांनी वाचला. साडेबाराला पोरगा बाहेर आला. तिथून सरळ सरकारी दवाखान्यात गेलो, केसपेपर काढला, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं कसं लागलं, आणि काकू घाबरून बोलून गेल्या, 'पडला.' डॉक्टरांनी तेच लिहिलं. नंतर आम्ही रीतसर तक्रार केली, दोन ठिकाणी हेलपाटे घातले, आणि दोन्हीकडे तो केसपेपर पुढे आला आणि तो एक शब्द आम्हाला आडवा आला. चूक काकूंची नव्हती, आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं की त्या रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच आहे.

तेव्हापासून हा विषय जमेल तसा वाचतोय, वकिलांना विचारतोय, त्यातून जे कळलं ते इथे मांडतोय. थोडक्यात सांगायचं तर पोलिसांनी चूक केली तर त्यांना जाब विचारायची व्यवस्था आपल्याकडे आहे, बऱ्यापैकी बारकाईने लिहून ठेवलेली आहे, पण ती सगळी चालते पहिल्या चोवीस तासांत तयार झालेल्या कागदांवर, आणि ते कागद एरवी फक्त पोलिसांच्याच हातात असतात. स्टेशन डायरी त्यांची, अटकेचा पंचनामा त्यांचा, मेडिकलला नेणारे ते, तपास करणारेही तेच खातं. त्यामुळे आपल्या बाजूने एक तरी कागद असा हवा ज्यावर वेळ आहे आणि जो ठाण्याच्या भिंतीबाहेर आहे.

आधी त्या 'बसवलंय' बद्दल. कायद्यात बसवून ठेवणं असा प्रकारच नाही. एकतर माणूस स्वतःच्या मर्जीने आलाय आणि उठून जायला मोकळा आहे, नाहीतर त्याला अटक झालीये, मधलं काही नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी नोटीस लागते, आणि बाई असेल, पंधरा वर्षांखालचं मूल असेल, साठीच्या पुढचं माणूस असेल किंवा आजारी असेल तर ठाण्यात बोलवायचंच नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा. हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १७९ मध्ये आहे, आणि हे माहीत असून जो अधिकारी मुद्दाम मोडतो त्याला भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. संशयित म्हणून बोलवायचं असेल आणि गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल तर अटकेची गरज का आहे ते पोलिसांनी लिहून काढायचं, गरज नसेल तर सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, चौकशीला हजर राहा अशी लेखी नोटीस द्यायची. आमच्याकडच्या पोराला 'पाच मिनिटं ये' असा नुसता फोन आला होता. नोटीस मागायची असते हे आम्हाला कुठे माहीत.

आणि खरंच अटक केली तर मग त्याची मोठी रीत आहे. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव वाचता येईल अशी पट्टी हवी, अटकेचा कागद तिथेच करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गल्लीतल्या कोणा प्रतिष्ठित माणसाची सही, घरच्यांना लगेच कळवायचं, का पकडलं ते सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, मेडिकल करायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. यातलं बरंचसं आलं ते एका पत्रातून. पश्चिम बंगालमधल्या एका कायदा मदत संस्थेच्या अध्यक्षांनी, डी. के. बसूंनी, १९८६ साली सुप्रीम कोर्टाला कोठडीतल्या मृत्यूंबद्दल पत्र लिहिलं, कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, अकरा नियम घालून दिले. आता ते बहुतेक कायद्यातच आलेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि त्या माणसाला समजेल त्या भाषेत द्यायची, मग गुन्हा कुठलाही असो. म्हणजे मराठी माणसाच्या हातात मराठीत कागद.

आता लोक विचारतात, मारतात कशाला मग? पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब तर कोर्टात चालतच नाही. बरोबर, चालत नाही, इंग्रजांच्या काळापासून चालत नाही. पण त्याच कायद्यात एक फट आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, म्हणजे चोरीचा फोन, सोनं, चाकू, तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं पुराव्यात येतं. पोलिसांच्या भाषेत रिकव्हरी, कागदावर 'आरोपीने मुद्देमाल काढून दिला'. म्हणजे सगळा जोर कबुलीवर नसून मुद्देमाल निघण्यावर असतो, आणि वरून प्रेशर पण त्याचंच येतं, डिटेक्शन किती, रिकव्हरी किती. बाजीराव नावाचा पट्टा, टायर, तळपायावर मार, याची नावं आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतात, इतकं ते आपण गृहीत धरलंय. पण कबुलीसाठी किंवा माल काढण्यासाठी मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १२०, साधी दुखापत असेल तर सात वर्षांपर्यंत आणि गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पकडलेला माणूस खरोखर चोर असला तरी. हे शेवटचं वाक्य मी दर वेळी दोनदा सांगतो, कारण 'त्याने केलंच असणार' इथे आपल्यातल्याच बऱ्याच जणांची सहानुभूती संपते.

वेळेचा कागद म्हणजे काय, ते समजायला मुंबईची एक केस बघा. ११ नोव्हेंबर २००६. लखन भैया म्हणून ओळखला जाणारा रामनारायण गुप्ता, त्याला दुपारी वाशीहून उचललं आणि रात्री वर्सोव्याला नाना-नानी पार्कजवळ चकमकीत मारला गेला असं दाखवलं. नेहमीसारखीच गोष्ट, गुंड होता, गोळी झाडली, प्रत्युत्तरात मेला. पण त्याचा भाऊ वकील होता, आणि उचलल्याचं कळल्याबरोबर त्या भावाने त्याच दुपारी पोलीस आयुक्तांना आणि बाकीच्या वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले होते, की माझ्या भावाला साध्या कपड्यातल्या लोकांनी नेलंय आणि त्याचा एन्काउंटर होईल अशी भीती आहे. चकमक दाखवली त्याच्या आधीच्या वेळेचे शिक्के त्या कागदांवर. रात्री अचानक समोर आलेल्या गुंडाबद्दल दुपारीच तार कशी काय गेली, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. तरीही सोपं गेलं नाही, मॅजिस्ट्रेटची चौकशी झाली, हायकोर्टाने २००९ मध्ये विशेष तपास पथक नेमलं, लखन भैयाबरोबरच उचललेला मुख्य साक्षीदार साक्षीच्या तोंडावर २०११ मध्ये मारला गेला, जुलै २०१३ मध्ये सेशन्स कोर्टाने १३ पोलिसांसह २१ जणांना शिक्षा दिली पण 'एन्काउंटर स्पेशालिस्ट' म्हणून गाजलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना सोडलं, आणि मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने ती सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप सुनावली. पुढचं अपील सुप्रीम कोर्टात. अठरा वर्षांच्या या सगळ्या डोलाऱ्याखाली पाया कसला, तर एका दुपारी पोस्टात जाऊन केलेल्या तारा.

उलट बाजू पण बघा. पोलीस पण वेळेचा कागद करतात, आणि खोटाही करू शकतात. 'आरोपी पळून गेला' हा त्यातला सगळ्यात भीतीदायक कागद. परभणीचा इंजिनियर ख्वाजा युनूस, २७ वर्षांचा, घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या केसमध्ये डिसेंबर २००२ मध्ये पकडला, जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. त्याच्याबरोबरच्या आरोपीने कोर्टात सांगितलं की कोठडीत त्याला रक्ताची उलटी होईपर्यंत मारलं होतं. मृतदेह आजवर मिळाला नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सांगलीत अनिकेत कोथळेच्या बाबतीतही आधी तेच सांगितलं, पळाला म्हणून, आणि मग कळलं की कोठडीत मेलेल्या पोराला आंबोलीच्या घाटात नेऊन जाळलं होतं. खटला तिथल्याच पोलिसांवर उभा राहिला. सांगलीत घरचे लोक हटले नाहीत, ठाण्यासमोर बसून राहिले, शहर रस्त्यावर आलं, म्हणून दिवसांत छडा लागला. परभणीच्या आईला, आसिया बेगमना, वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

ख्वाजा युनूसची केस इतकी का रखडली याचं एक मोठं कारण समजून घ्यायला पाहिजे, ते म्हणजे मंजुरी. सरकारी नोकराने ड्युटी बजावताना काही केलं तर सरकारच्या परवानगीशिवाय कोर्ट त्याच्यावर खटला दाखल करून घेत नाही. जुन्या कायद्यात कलम १९७, आता २१८. कल्पना चुकीची नाही, नाहीतर रोज कोणीही उठून प्रामाणिक अधिकाऱ्याला कोर्टात खेचेल. पण व्हायचं काय, फाईल मंत्रालयात जाऊन बसायची. सीआयडीने ख्वाजा युनूस प्रकरणात चौदा जणांवर खटला मागितला होता, मंजुरी मिळाली फक्त चार जणांबद्दल. आणि त्या चौघांना २०२० मध्ये खटला चालू असतानाच पुन्हा नोकरीत घेतलं. नव्या कायद्याने आता सरकारला १२० दिवसांची मुदत घातलीये, तेवढ्यात निर्णय नाही दिला तर मंजुरी मिळाली असं धरायचं, हा बदल मला खरोखर चांगला वाटतो. आणि कोर्टांनी हेही वारंवार सांगितलंय की कोठडीत मारणं किंवा खोटी चकमक करणं हा ड्युटीचा भागच होऊ शकत नाही, त्यामुळे तिथे मंजुरीची ढाल चालत नाही. तरी आरोपी पोलीस ती ढाल पुढे करतातच, आणि त्या एका मुद्द्यावर वरच्या कोर्टात वर्षं जातात.

दुसरा कागद डॉक्टरचा, तो मी वर सांगितला. अटकेनंतर मेडिकल करणं बंधनकारक आहे, अंगावर काय काय खुणा आहेत आणि त्या साधारण कधीच्या आहेत हे डॉक्टरने लिहायचं आणि त्याची एक कॉपी अटक झालेल्या माणसाला द्यायची. कॉपी कोणी मागत नाही. पोलीस शेजारी उभे असतात, पेशंट म्हणतो काही नाही, डॉक्टर लिहितात 'नो फ्रेश इंज्युरी', तीन मिनिटांत काम होतं. सुटून आल्यावर घरच्यांनी नेलं तर मात्र आपल्या हातात असतं, तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की अमुक ठाण्यात अमुक वेळी पोलिसांनी मारलं, एमएलसी करा, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद करा, आणि जखमांचे फोटो त्याच रात्री काढायचे, वळ दोन दिवसांत जातात.

तिसरी जागा मॅजिस्ट्रेटसमोरची. रिमांडला नेलं की न्यायाधीश विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' हा प्रश्न अर्ध्या मिनिटाचा असतो आणि त्याचं उत्तर रेकॉर्डवर कायमचं राहतं. ज्याला अजून तीन दिवस त्याच कोठडीत परत जायचंय तो 'नाही' म्हणतो, आणि मी त्याला दोष देणार नाही. पण पुढे त्या 'नाही'चं काय होतं ते परभणीत दिसलं. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी आंदोलन पेटलं, धरपकड झाली, त्यात कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी, वय ३५, पकडला गेला आणि १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. विधानसभेत सरकारने सांगितलं की मॅजिस्ट्रेटने विचारलं होतं तेव्हा त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती. शवविच्छेदनात मात्र अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. कोठडीत माणूस मेला की न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी करायची असते, कलम १९६, त्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा दाखल होईना. शेवटी त्याची आई हायकोर्टात गेली, ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने एफआयआर नोंदवायला सांगितलं, राज्य सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि ३० जुलैला तिथेही हरलं. म्हणजे मृत्यू डिसेंबरात, आणि एफआयआरसाठी, खटल्यासाठी नव्हे नुसत्या एफआयआरसाठी, सात महिने आणि दोन कोर्टं. हे लिहिताना पण राग येतो.

एफआयआरचा रस्ता तसा कागदावर सरळ आहे. ठाण्यात घेत नाहीत तर एसपी किंवा आयुक्तांना लेखी पाठवायचं, तिथे काही नाही झालं तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, ते तपासाचा आदेश देऊ शकतात. पण तक्रार सरकारी नोकराच्या ड्युटीतल्या कामाबद्दल असेल तर नव्या कायद्याने एक पायरी वाढवलीये, मॅजिस्ट्रेटने आधी त्याच्या वरिष्ठाचा रिपोर्ट मागवायचा आणि त्या अधिकाऱ्याचं म्हणणंही विचारात घ्यायचं, मग आदेश. माझ्या मते हे चुकीचं झालं. घरफोडीच्या तक्रारीत आपण चोराच्या मालकाचं मत आधी विचारत नाही.

पोलीस तक्रार प्राधिकरण हे नाव बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं, म्हणून यावर थोडं जास्त. २००६ साली प्रकाश सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना सात गोष्टी करायला सांगितल्या, त्यातली एक ही, की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला पोलिसांच्या बाहेरची संस्था हवी. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात बदल करून ती आणली. राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश असतात, विभागीय पातळीवरही तरतूद आहे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, नियम न पाळता अटक किंवा डांबून ठेवणं, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर, एवढ्या गोष्टींची तक्रार तिथे करता येते. पीडिताने करायची किंवा त्याच्या वतीने घरच्यांनी. प्राधिकरणाला दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, म्हणजे अधिकाऱ्याला समन्स काढून बोलावू शकतात, स्टेशन डायरी मागवू शकतात, आणि इथे एकदम वेगळं काय वाटतं माहितीये, तुम्ही समोर बसलेले असता आणि तो अधिकारी तुमच्या बाजूच्या खुर्चीवर उत्तर देत असतो. कमकुवत बाजू अशी की अहवाल जातो सरकारकडे, आणि सरकार लेखी कारणं देऊन तो नाकारू शकतं.

मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, राज्याचा मुंबईत आहे, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत जायचं हे लक्षात ठेवा, त्यानंतर ते तक्रार घेत नाहीत. आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही. नुकसानभरपाईचं म्हणाल तर १९९३ च्या निलबती बेहेरा या ओडिशातल्या केसपासून पक्कं झालंय की कोठडीत माणूस मेला तर सरकारला भरपाई टाळता येत नाही. पैसे सरकारी तिजोरीतून जातात, काही वेळा कोर्ट दोषींच्या पगारातून वसूल करायला सांगतं, ते जास्त वेळा व्हायला हवं. लाच मागितली असेल तर यातलं काही करत बसू नका, सरळ एसीबीला, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला, १०६४ वर फोन.

पेपरात 'पीएसआय निलंबित' अशी बातमी आली की आपल्याला वाटतं झाली शिक्षा. निलंबन ही शिक्षाच नाही. चौकशी होईपर्यंत कामापासून लांब ठेवणं एवढाच त्याचा अर्थ, त्या काळात निर्वाह भत्ता चालू असतो. 'कंट्रोलला जमा केलं' ही तर नुसती बदली. खरी शिक्षा येते ती कसुरी अहवाल (कर्मचाऱ्याच्या चुकीचा रिपोर्ट), प्राथमिक चौकशी, मग विभागीय चौकशी या वाटेने, आणि शेवटी सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणं, पदावनती, बडतर्फी यापैकी काहीतरी. त्यामुळे अर्ज केला असेल तर सहा महिन्यांनी माहितीच्या अधिकारात विचारा की विभागीय चौकशी सुरू केली का, कोणत्या तारखेला, चौकशी अधिकारी कोण. विचारणारं कोणी आहे हे फाईलवर दिसलं की फाईल हलते, हे मी स्वतः बघितलंय.

पोलिसांची बाजू नाही का? आहे. माझा सख्खा मावसभाऊ हवालदार आहे, गणपतीत आणि निवडणुकीत त्याला दहा-दहा दिवस घर दिसत नाही, बारा तासांची ड्युटी कागदावर, प्रत्यक्षात सोळा. कोणाच्या तरी फोनवरून बदली होते. साहेबाने सांगितलं 'त्याला जरा बघ' आणि त्याने नाही म्हटलं तर त्याला वाचवणारं कोणी नाही, आणि हो म्हटलं आणि पोरगा दगावला तर चार्जशीटमध्ये नाव हवालदाराचंच आधी येतं. तो स्वतः म्हणतो की लॉकअपमधला कॅमेरा चालू असलेला मला बरा, साहेबाला सांगता येतं कॅमेरा आहे म्हणून. हे मला फार पटतं. वेळेचा कागद चांगल्या पोलिसालाही वाचवतो.

कॅमेऱ्याचं नीट ऐका. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवेत, गेट, लॉकअप, कॉरिडॉर, लॉबी, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे, आवाजासकट आणि रात्रीचं दिसेल असे, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, नाहीच जमलं तर कमीत कमी एक वर्ष. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाची. बंद कॅमेऱ्यांच्या बातम्या इतक्या आल्या की २०२५ मध्ये कोर्टाने स्वतःहून पुन्हा विषय हातात घेतला. म्हणून घटनेच्या दुसऱ्याच दिवशी लेखी मागणी करायची की अमुक तारखेचं अमुक वेळेपासूनचं फुटेज जपून ठेवा. मागितलंय हे रेकॉर्डवर असलं की 'डिलीट झालं' म्हणणं महागात पडतं. आणि आपण स्वतः मोबाईलवर शूट केलं तर? ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून वर्ध्यात एकावर ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट लावला होता, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला, पोलीस ठाणं त्या कायद्याखालच्या प्रतिबंधित जागेत येतच नाही म्हणून. तरी फोन हिसकावला जाऊ शकतो, त्यामुळे शूट करण्यात जीव अडकवू नका, आधी मेल.

लखन भैयाच्या केसचा पहिला निकाल लागला त्याच महिन्यात, जुलै २०१३ मध्ये, देशातली तार सेवा बंद झाली. आता तारेचं काम मेलने होतं. तुमच्या जिल्ह्याच्या एसपीचा किंवा आयुक्तांचा मेल आयडी वेबसाईटवर असतो, तो आजच सेव्ह करा, फुकट वकिलासाठी विधी सेवेचा १५१०० नंबर पण. आणि हा मजकूर ड्राफ्टमध्ये ठेवा, रात्री अकरा वाजता हात थरथरत असताना शब्द सुचत नाहीत:

'माझा मुलगा / भाऊ (नाव, वय) याला आज (तारीख) रोजी (वेळ) वाजता (ठिकाण) येथून (पोलीस ठाणे) येथे नेण्यात आले आहे. त्याला अटक केल्याचे आम्हाला कळवलेले नाही आणि नोटीस दिलेली नाही. आम्ही (वेळ) वाजता त्याला ठाण्यात पाहिले, तेव्हा त्याच्या (डाव्या कानावर) मार दिसत होता. त्याच्या जिवाला धोका आहे असे आम्हाला वाटते. त्याला सोडावे किंवा अटक दाखवून मेडिकल करून मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावे, आणि ठाण्यातील आज दुपारपासूनचे सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावे. हा मेल पाठवण्याची वेळ : '